हेराल्डचं पुढचं डावं चाक

गोखिवऱ्यात कुणालाही विचारा, चाक दोनदा उघडणारा सॅन्टन कुठे बसतो म्हणून. शेंबडं पोरही बोट दाखवील. माणूस टायर चढवतो, हवा भरतो, गिऱ्हाईक हुश्श करतं, आणि तेवढ्यात हा बाबा भरलेली हवा सोडून देतो, टायर पुन्हा उचकटतो आणि कोपरापर्यंत हात घालून आतून चाचपतो. मग सगळं परत पहिल्यापासून. लोक वैतागतात, हसतात आणि पुढच्या वेळी त्याच्याकडेच येतात. खास करून जुन्या, छोट्या चाकांच्या मोटारी बाळगणारे शौकीन. त्यांना वाटतं, काय चोख माणूस आहे! चोख कसला डोंबलाचा. नऊ वर्षं घाबरलेला माणूस आहे तो.

या जुन्या गाड्यांचं एक दुखणं आहे. त्यांच्या रिमा ट्यूबच्या जमान्यातल्या. ट्यूबलेस टायर जागेवर धरून ठेवायला रिमच्या कडेशी जो उंचवटा लागतो, तो त्यांना नाही. वर रिव्हेटांतून हवा झिरपते ती वेगळीच. आणि त्या मापाचे टायर आता बाजारात मिळतात ते ट्यूबलेसच. मग करायचं काय? ट्यूबलेस टायरच्या पोटात ट्यूब घालायची. चालतं तसं, पण एक पथ्य आहे. नव्या टायरच्या आत एक कागदी स्टिकर चिकटवलेला असतो, तो न विसरता सोलून काढायचा. राहिला, तर तो ट्यूबवर घासत राहतो आणि कधीतरी भर रस्त्यात ट्यूब फाटते. सॅन्टन ते स्टिकर काढून दुकानातल्या पत्र्याच्या कपाटावर चिकटवायचा. एका गाडीचे चार, एका ओळीत. कामाची खूण म्हणा, नाहीतर मिरवायची हौस म्हणा.

जयराम त्याचा दोस्त. खाडीकाठचा भातशेतीवाला, पण मोटारींचा नाद असा की बायको सत्यवती म्हणायची, माझ्या गळ्यात सवत बांधलीय यांनी. सवत म्हणजे हेराल्ड गाडी. तेरा इंची चाकांची, जयरामच्या आजोबांच्या वयाची वाटावी अशी. तिला ट्यूबलेस हवेत म्हणून तो हटून बसला होता. सॅन्टनने त्याला रिमवर हात फिरवायला लावून समजावलं आणि आत ट्यूब घालायची असं ठरलं. पण त्या दिवशी जयरामच्या पुतणीचा साखरपुडा होता आणि त्याला गाडीतूनच मिरवत जायचं होतं. सॅन्टन शेवटच्या चाकात हात घालून बसलेला, आणि हा मागे उभा राहून घाई करतोय.

“आटप रं सॅन्टन. आत कोन बघनार हाय?”

दोघंही हसले, आणि चाक बंद झालं.

चार महिन्यांनी सांडोरच्या वळणावर हेराल्ड डावीकडे ओढली गेली आणि चिंचेवर आदळली. गाडी जयरामचा एकोणीस वर्षांचा मुलगा दीपेश चालवत होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही. बाजूला बसलेला बाप दवाखान्यात पोचायच्या आत गेला. पंचनाम्यात लिहिलं, धडकेने टायर बसला. गाव म्हणालं, पोराने गाडी उडवली. दीपेश सांगत राहिला की गाडी आधी खेचली गेली, मग आदळली. पण एकोणीस वर्षांच्या पोराचं कोण ऐकतं?

त्या संध्याकाळी दवाखान्यातून सॅन्टन घरी न जाता दुकानात गेला आणि कपाटासमोर उभा राहिला. हेराल्डच्या ओळीत तीनच स्टिकर होते. चौथा गळून पडला असेल, केरात गेला असेल. त्याने कपाट सरकवलं, खालचा केर हातांनी चिवडला. मिळाला नाही.

दहाव्याला दीपेश त्याच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “काका, गाडी आपोआप ओढली गेली हो. तुम्हाला तरी पटतं ना?” चाकांतलं कळणारा असा हा एकच माणूस त्याच्या ओळखीचा. सॅन्टनने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “होतं असं, बाळा.” बस, एवढंच. दिवसभर बडबडणाऱ्या माणसाला त्या घडीला याहून जास्त शब्द सुचू नयेत!

तेव्हापासून जयराम दुकानात येतो. खोटं नाही. सॅन्टनचा हात टायरच्या आत असला की पाठीशी कुणीतरी उभं असतं, केसांना लावलेल्या खोबरेलाचा वास येतो आणि कानाशी तेच ऐकू येतं, आत कोन बघनार हाय? आवाजात राग नसतो, त्या दिवशीचंच हसू असतं, आणि ते सॅन्टनला सोसत नाही. म्हणून तो चाक दोनदा उघडतो. चर्चमध्ये मिस्सेत सगळे गप्प झाले की त्याला कुठूनतरी हवा गळाल्यासारखी ऐकू येते. पापांची कबुली द्यायला फादरपुढे गुडघे टेकून तो दारू सांगतो, शिव्या सांगतो, भावाशी धरलेला अबोला सांगतो. एवढं एक सांगत नाही. नोव्हेंबरात सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. जयरामला अग्नी दिलेला. त्याची माफी मागायला जायचं तरी कुठे? सॅन्टनची बायको फ्लॉसी ते गंजकं कपाट भंगारात दे म्हणून मागे लागली की तो अंगावर धावून जायचा. तिला वाटायचं, वय झालं, चक्रम झाला.

आणि परवा सकाळी दुकानासमोर भाड्याचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरशेजारून दीपेश उतरला. अठ्ठावीसचा असेल, पण डोक्यावर निम्मे केस पांढरे. टेम्पोत हेराल्डची चारही चाकं होती. गाडी इतकी वर्षं घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. आता पुण्याचा कुणी शौकीन घ्यायला तयार झाला होता. जुने टायर काढून नवे चढवून द्या, दीपेश म्हणाला.

पुढचं डावं चाक सॅन्टनने लांबूनच ओळखलं. रिम एका बाजूने दबलेली होती.

त्याने दीपेशला नाक्यावर चहा आणायला पाठवलं. मग पाना घातला, कड उचकटली, ट्यूब बाहेर ओढली. स्टिकर आतच होता. चुरगळून, काळा पडून, वातीसारखा वळलेला. ट्यूबवर जिथे तो घासला होता, तिथे तळहाताएवढी जागा झिजून कागदासारखी पातळ झाली होती आणि मधोमध उभी फाटली होती. पाठीशी खोबरेलाचा वास आला. सॅन्टनने मागे वळून पाहिलं नाही. कोपऱ्यात फाटक्या ट्यूबांचा ढीग होता, पन्नासेक तरी असतील. त्याने ही ट्यूब स्टिकरसकट त्या ढिगात खालपर्यंत खुपसली आणि हात पुसले.

दीपेश चहा घेऊन आला. स्टुलावर बसून तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. गेल्या वर्षी लग्न झालं होतं, बायकोला दिवस गेले होते. ती म्हणते पुन्हा गाडी चालवा, पण स्टिअरिंगला हात लावला की हा दार उघडून खाली उतरतो. आई त्याच्या हातचं जेवते, औषधं घेते. पण वडिलांचा फोटो पुसायला त्याला कधीच देत नाही.

“पूर्वी मी भांडायचो सगळ्यांशी,” तो म्हणाला. “आता मलाच वाटतं, मीच जोरात घेतली असणार. आठवायला गेलं की काटा ऐंशीवर दिसतो मला. तेव्हा चाळीसवर होता असं म्हणायचो ना मी?”

जयराम गेला तो गेला, पण हा समोर बसलेला जिवंत पोरगा स्वतःची खरी आठवण पुसून खोटी लिहायला लागला होता. सॅन्टनने ग्लास खाली ठेवला, उठला, ढिगात हात घातला आणि ती ट्यूब ओढून दीपेशच्या मांडीवर ठेवली. वर तो काळा स्टिकर. काय झालं ते सगळं सांगितलं. साखरपुडा, घाई, कपाटावरचे तीन. सांगताना तो रडला, आणि रडलेलं लपवलं नाही.

दीपेशने त्या फाटक्या जागेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

“चूक कुणाचीही होते, काका,” तो शेवटी म्हणाला. “तुम्हाला कळलं कधी?”

आज चाक उघडलं तेव्हा, असं म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

“ज्या दिवशी तो गेला, त्याच संध्याकाळी,” सॅन्टन म्हणाला.

दीपेशने मान हलवली. तो उठला, ट्यूब नीट घडी करून सॅन्टनच्या हातात दिली आणि टेम्पोचं दार उघडून धरलं.

“चला घरी. आईला तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. “मी किती वर्षं सांगत होतो, माझं तिला कधी खरं वाटलं नाही.”