पांढऱ्या पदरावर केशरी

भीमाबाईंना टीबी झालेला नव्हता, तरी आठवड्यातून एकदा त्यांना मूठभर गोळ्या गिळाव्या लागत. टीबी झाला होता मुलाला, रसायनीच्या कारखान्यात जाणाऱ्या रत्नदीपला. तो औषधांनी बरा होत होता. पण एका छपराखाली राहणाऱ्यांच्या अंगात जंतू निजलेला असू शकतो. तो जागा होऊ नये म्हणून घरच्या सगळ्यांना औषध. त्यात भीमाबाईंना साखरेचा आजार आणि नात आमू अजून एवढीशी, म्हणून या दोघींना धोका जास्त.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलेलं हे निजलेल्या जंतूचं भीमाबाईंना चटकन पटलं. दुपारी कळंबच्या घरात पडल्या पडल्या, समोर माथेरानचा डोंगर ढगात तरंगताना बघत, त्या जंतूला मनातल्या मनात अंगाईसुद्धा म्हणायच्या.

वैशाखी पौर्णिमेला सकाळीच गोळ्या घेऊन, पांढरी साडी नेसून त्या विहारात गेल्या. वंदना सुरू झाली की त्यांचे डोळे भरायचेच. मेणबत्त्यांच्या ज्योती पाण्यात हलल्यासारख्या व्हायच्या, आणि त्यांच्यापलीकडे धर्माजी, भीमाबाईंचे वारलेले मालक, धुतल्या सदऱ्यात शांत बसलेले दिसायचे. भीमाबाईंनी डोळे टिपले, तर पदरावर केशरी डाग.

धर्माजी खोकून खोकून गेले, तेव्हा त्यांच्या रुमालावर असेच लालसर डाग पडायचे.

आता विचारायचं ना कुणाला! पण नाही. बाईंनी पदर खोचला, घरी येऊन अंथरूण पडवीत टाकलं आणि आमूला जवळ घेणं बंद केलं. जंतू उठला, हे त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं. पुढच्या आठवड्यात गोळ्यांचा दिवस आला, तर त्यांनी गोळ्यांना हातही लावला नाही. आमू उंबऱ्यावर उभी राहून भोकाड पसरत होती.

कांदा चिरणारी सून प्रज्ञा शेवटी भडकली. "आई, पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं? आनि गोळ्या का नाय घेतल्या?"

"लांब र्‍हा गं. माझा आजार उठलाय. डोळ्यातनं लाल येतं."

त्यांनी तो पदर आणून दाखवला. प्रज्ञानं कांद्यानं वाहणारे आपले डोळे पांढऱ्या फडक्यानं पुसले आणि फडकं समोर धरलं. तेही केशरी.

"मग मी पन चालले वाटतं!"

"तुला पन?"

"सकाळीच गोळ्या घेतल्यात ना. औषधाचा रंग हाय तो. नर्सबाई बोलल्या होत्या, लघवी, घाम, आसवं, सगळं केशरी होतं."

"मला लघवीचंच सांगितलंस तू!"

"तेवढं ऐकूनच तुमी लाजून पळालात. पुढचं कुनाला सांगू, चुलीला?"

भीमाबाईंनी दोन्ही डाग शेजारी शेजारी धरून पाहिले. "म्हंजे तो निजलेलाच हाय?"

"घोरतोय. उठायच्या आत दोन घास खा आनि गिळा."

त्यांनी भाकरी खाल्ली, गोळ्या घेतल्या, अंथरूण आत ओढलं. आमू धावत येऊन कुशीत शिरली आणि तिनं आजीच्या पोटावर पाय टाकला.

"पाय काढ गं, जड हाय," भीमाबाई पुटपुटल्या आणि त्या पायावर हात ठेवून झोपून गेल्या.