सोळा कागदांचा टँकर

ती घटना आठवली की आधी रंगनाथमामा डोळ्यांसमोर येतात. ते आमच्या ठाण्याचे हेड कॉन्स्टेबल. नोकरीत मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर त्यांचा. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कलमे मला पाठ होती; पण समोर घाबरून बसलेल्या माणसाला आधी पाणी द्यावे आणि मग नाव विचारावे, हे मला त्यांनी शिकवले. त्यांच्याखेरीज या हकिगतीत मी कुणाचे नाव घेणार नाही.

नव्वदच्या दशकातला मधला काळ. मी पाथर्डी तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. उन्हाळा कडक होता, गावोगाव टँकर चालू होते. एके दिवशी सकाळी नऊला तिकडच्या एका पुढाऱ्याचा फोन आला.

"साहेब, एस.टी. स्टँडवर जाऊन या. आमची इज्जत भिंतीला चिकटवलीय."

आम्ही गेलो. भिंतीवर माणसाच्या छातीएवढे उंच पोस्टर होते. वर ठळक अक्षरांत 'हरवला आहे'. खाली पाण्याच्या टँकरचे चित्र, हरवलेल्या माणसाचा फोटो असतो तसे चौकटीत. पुढे तपशील: गाडीचा नंबर, कोणत्या वस्तीसाठी मंजूर, रोज फेऱ्या दोन, शेवटचा कुणाच्या संत्र्याच्या बागेत दिसला, कोणत्या वारी, किती वाजता. सगळ्यात खाली, 'शोधून देणाऱ्यास एक हंडा पाणी बक्षीस'. बाग अर्थातच त्या पुढाऱ्याची होती.

अशी सात पोस्टरे निघाली. खळ इतकी पक्की की ती सोलून काढायला आमच्या शिपायांना दोन बादल्या पाणी लागले. बघायला गर्दी. एक म्हातारा म्हणाला, "सायेब, आमच्या भिताडावर बी एक लावा. त्या निमतानं भिताडाला तरी पानी मिळंल."

दुपारपर्यंत वरिष्ठांचे तीन फोन आले. आरोपी कोण? कलम कोणते? कलमाचाच तर घोळ होता. बदनामी म्हणावी तर ती अदखलपात्र, कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. शेवटी एक गोष्ट हाताला लागली. छापील कागदावर छापणाऱ्याचे नाव आणि ठिकाण असावे लागते, यावर नव्हते. एवढ्या धाग्यावर अख्खे ठाणे कामाला लागले. त्याच आठवड्यात आमच्याकडे दोन विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या होत्या. त्यांचा तपास थांबला आणि मी पोस्टरांचा सेंटिमीटरमध्ये पंचनामा करत बसलो.

गावातल्या छापखानेवाल्याला बोलावले. तो शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापणारा जुना माणूस. त्याने पोस्टर उलटेसुलटे केले. "हे आमच्याकडचं नाही, साहेब. हे काँप्युटरचं काम."

संगणकावर पत्रिका करून देणारी दुकाने तेव्हा तालुक्यात नुकती निघाली होती. आमच्या गावात तीन. त्यातल्या एकाला चौकशीला आणले. घाम पुसत त्याने पोस्टर टेबलावर पसरले आणि दोन मिनिटांत भीती विसरला.

"हे सोळा कागद हायेत, साहेब. आमचा प्रिंटर एवढाच लहान कागद घेतो. मग कोरलमध्ये, म्हणजे चित्र काढायच्या त्या प्रोग्रॅममध्ये, मोठं चित्र बनवायचं. तो त्याचे तुकडे करून छापतो. आपण ते चिकटवायचे."

"मग हे तू केलंस?"

"मी कशाला करतो? जोड बघा ना. एक तरी जोड अक्षरावरून गेलाय का? टँकरच्या चाकावरून गेलाय का? करणाऱ्यानं एकेक ओळ सरकवून जोड मोकळ्या जागेत आणलाय. आमी एवढं करत न्हाई. कापतंय तिथं कापू द्यायचं. मागं एका लग्नाच्या पोस्टरात नवरदेवाचं नाक दोन कागदांत गेलं."

"मग?"

"मग काय, लगीन झालं की."

बाकीच्या दोघांनीही तेच सांगितले. एवढा वेळ कुणाला आहे? मला तर संताप येत होता. राज्यात चोर इतके, आणि मी नीटनेटके काम करणारा माणूस शोधत होतो.

पोस्टरात जिचे नाव होते त्या वस्तीवर आम्ही आधी एकदा जाऊन आलो होतो. बौद्ध समाजाची तीसेक घरे. कुणी काही बोलले नव्हते. वीज दिवसातून चार तास, संगणकाचा प्रश्नच नव्हता. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो. ऊन फार होते म्हणून विहारात टेकलो. समोर भिंतीवर बुद्धाचे मोठे चित्र होते. काळ्या रंगातून करडा, करड्यातून पांढरा असा प्रकाश चेहऱ्यामागे उमटवलेला. बघत राहावे असे काम होते. मग माझे लक्ष बारीक रेघांकडे गेले. ते कागद जोडून केले होते. एकही रेघ चेहऱ्यावरून जात नव्हती, की हातावरून.

दारात साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखे विचारले, "आजी, चित्र फार छान आहे. कुणी केलं?"

रंगनाथमामा मागून म्हणाले, "आजी, साहेबांना पाणी..." पण आजींचा चेहरा खुलला होता.

"माझ्या लेकीनं. तालुक्याला दिलीया तिला. काम्पुटरवर काडती ती. लई हुशार हाय."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

लेकीचे घर लगेच सापडले. नवरा एस.टी.त वाहक. पुढच्या खोलीत संगणक, त्यावर चादरीचे झाकण. भिंतींवर तिने केलेली चित्रे, मोर, बाजरीची कणसे, बुद्ध. चौकटी करून ती विकायची. टेबलावर लग्नपत्रिकांचे कच्चे कागद. लग्नसराई तोंडावर होती. तिने काहीच नाकारले नाही.

"व्हय, मीच केलं. चार दिवस लागले."

"अशी भिंतीवर लावण्यापेक्षा पोलिसांकडे का आला नाहीत?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "आल्ते की. आई आन् मी. तुमीच बसला हुता. अर्जावर आईचा अंगठा हुता. तुमी वर तीन शब्द लिवले, बाजूला ठिवला, आन् म्हनला, ही पंचायत समितीची बाब हाय."

मला आठवेना. मी मामांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते.

"या पोस्टरात हाय ते सगळं त्या अर्जात हुतं, साहेब," ती म्हणाली. "बारीक अक्षर कुनी वाचलं न्हाई. मंग म्हटलं, मोठं करून बघावं."

वरून हुकूम आला: संगणक जप्त करा. त्याचा अर्थ मला माहीत होता. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत जप्त सायकली वर्षानुवर्षे गंजत पडल्या होत्या. तिथे गेलेला संगणक पुन्हा चालू झाला नसता आणि त्या घरातले काम कायमचे बंद झाले असते. मी जप्तीचा पंचनामा लिहायला घेतला तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, एकदा ते पोस्टर वाचा. मोजलं तुम्ही सात वेळा, वाचलं न्हाई. गाडी नंबर, जागा, वेळ, सगळं हाय. चोरीची फिर्यादच हाय ती."

मी चिडलो. "मामा, फोन मला येतायत."

"व्हय. आन् हंडे त्यांचे रिकामे हायेत."

मी पेन खाली ठेवले. वरिष्ठांकडे तपासासाठी आठ दिवसांची मुदत मागितली. त्यासाठी ऐकलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्याच महिनाअखेरीला मामा निवृत्त झाले आणि भंडारदऱ्याकडे आपल्या गावी गेले.

या प्रकरणाने मला शिकवले ते साधे आहे. ठाण्यात आलेला माणूस त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठ्या अक्षरांत बोलत असतो. ते आपल्याला बारीक दिसते, कारण आपण फोनकडे बघत असतो. पुढे नोकरीच्या शेवटपर्यंत मी आलेला प्रत्येक अर्ज देणाऱ्यासमोर मोठ्याने वाचत असे. सहकारी हसत. हसू दिले. पुढे काय झाले ते तेव्हा मी मामांना कळवले होते. त्या पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, तीच देतो.

तीर्थस्वरूप रंगनाथमामा यांस,

साष्टांग नमस्कार. आपण गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या फेऱ्यांची वही मागवली. वहीप्रमाणे वस्तीवर रोज दोन फेऱ्या झाल्या आहेत आणि प्रत्येक फेरीपुढे विहारातल्या आजींची सही आहे. अगदी वळणदार सही. आजींना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "माझं नाव दिसतं कसं, ते आज पयल्यांदा बघितलं."

चालक आणि बागेचा कारभारी यांच्यावर गुन्हा नोंदवला. फिर्यादी आजी आहेत. टँकर सहा दिवसांपासून वस्तीवर येतो आहे. संगणक जप्त केला नाही. खाली छापणाऱ्याचे नाव घालावे, अशी त्यांच्या लेकीला लेखी समज दिली. माझ्या बदलीचा हुकूम काल आला.

एक गोष्ट आपल्याला सांगायलाच हवी. आरोपींचा वकील म्हणतो, आजी सही करतात आणि आता पढवल्यामुळे अंगठा लावतात. त्याला उत्तर एकच होते, गुन्हा नोंदवण्याच्या आधीचा त्यांचा अंगठा. म्हणून जुन्या गठ्ठ्यांत तो अर्ज शोधला. सापडला. अंगठा स्पष्ट आहे. त्यावर माझ्याच अक्षरात 'आपला विषय नाही' असे लिहिले आहे, खाली माझी सही आणि तारीख.

तो अर्ज मी तपासाच्या कागदांना जोडला आहे. पान पहिले.

आपला,
आज्ञाधारक