माने सोडून सगळ्यांना पुरेल एवढा डेटा

"जाधवदा, या दरात मी तुम्हाला फक्त रिंगटोन देऊ शकते," मौमिता म्हणाली.

"मग रिंगटोनच द्या. आमची माणसं वापरतात तेवढंच," मी म्हणालो.

मौमिता एका मोबाइल कंपनीची अकाउंट मॅनेजर. म्हणजे आमच्यासारख्या गिऱ्हाइकांना सिमकार्डांचे गठ्ठे विकणारी आणि नंतर आमच्या शिव्या खाणारी बाई. मी एका लुब्रिकंट कंपनीच्या कोलकाता ऑफिसात परचेस बघतो. ग्रीसचे डबे, ट्रकची भाडी, पंखे, झाडू, जे विकत घ्यायचं ते माझ्या हातून जातं. स्टोअरमध्ये डबे मोजण्यापासून सुरुवात केली. डिग्री नंतर रात्रीच्या कॉलेजात घेतली. घासाघीस कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, ती मी पोटासाठी शिकलो. मौमिताशी साधं बोलणं हिंदीत चालतं. भांडण मी बंगालीत करतो. त्यांच्या भाषेत भांडलं की दर लवकर उतरतो.

या वेळी दर उतरवण्यात माझा स्वार्थ होता. मला इथे पाठवताना "दोन वर्षं काढा, मग परत पुण्याला" असं सांगितलं होतं. ती दोन वर्षं केव्हाच होऊन गेली. बायको साताऱ्याला शाळेत शिकवते, तिला नोकरी सोडून येता येत नाही. मी बेहालाच्या फ्लॅटमध्ये एकटा. तिथे मराठी बोलायचं तर मिसळणाच्या डब्याशी. दर वर्षी बदलीचा अर्ज करायचो, आणि दर वर्षी आमचे रीजनल मॅनेजर बागची साहेब "बघू" म्हणायचे. या वेळी मात्र ते म्हणाले, "जाधव, मोबाइलचा खर्च एक तृतीयांश खाली आणा. मी स्वतः पुण्याला फोन करतो."

मी कामाला लागलो. आमच्या सगळ्यांना रोजचा ठरावीक डेटा मिळायचा, आणि तो भरपूर होता. हा रोजचा डेटा म्हणजे खानावळीचं ताट. पैसे भरल्या ताटाचे. तुम्ही दोन पोळ्या खाल्ल्यात तरी उरलेलं रात्री बाराला फेकून देतात. उद्यासाठी डब्यात भरून मिळत नाही. कोण किती वापरतं ते बघितलं, तर सेल्सची पोरं अर्ध्याच्याही खाली. हावड्याच्या गोदामातले तर नुसते व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणारे. थोडक्यात, आम्ही इतकी वर्षं ताटातलं उष्टं विकत घेत होतो.

मौमिताकडे अर्ध्या डेटाचा लहान प्लॅन होता, त्यात खर्च एक तृतीयांश उतरत होता. अट एकच : सगळे नंबर त्याच प्लॅनवर हवेत. एखादा वेगळा ठेवला, तर तो जुन्या दराने, आणि रीजनल मॅनेजरच्या सहीने.

"सगळ्यांना पुरेल," ती म्हणाली. "एक नंबर सोडून. बजबज गोदाम. हा माणूस रोज शेवटच्या थेंबापर्यंत पितो."

बजबज गोदाम म्हणजे माने. तासगावचा गडी. माझ्यानंतर इकडे आलेला, गोदामाचा सुपरवायझर. माझं डोकं फिरलं. हा तिकडे ड्रमवर पाय टाकून क्रिकेट बघणार आणि माझी बदली अडवणार! फोनवर झापून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझेरहाट स्टेशनवरून बजबज लोकल पकडली आणि न कळवता गोदामात जाऊन थडकलो.

माने टेबलाशी चलनं लावत बसला होता. समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केलेला. स्क्रीनवर क्रिकेट नव्हतं. एक स्वयंपाकघर होतं. ओटा, गॅस, खिडकीत वाळत घातलेलं फडकं. माणूस कुणीच नाही.

"हे काय?"

माने दचकून उभा राहिला. "घर हाय साहेब."

"कॉल चालू आहे?"

"व्हय. सकाळी लावतो. संध्याकाळी बंद करतो."

"आणि बोलत का नाहीस?"

"रोज रोज काय बोलणार साहेब? बोलून झालंय सगळं." त्याने मान खाली घातली. "आवाज येतोय तेवढा बास."

मी खुर्ची ओढून बसलो. शिव्या पाठ करून आलो होतो, त्या तोंडात होत्या. तेवढ्यात फोनमधल्या कुकरची शिट्टी झाली आणि पदर खोचलेली एक बाई स्क्रीनमध्ये आली. मागून एका म्हातारीचा आवाज, "दोडक्याच्या शिरा टाकू नगंस गं. चटणी करायची."

"ठेवल्यात वो आत्या. किती येळा सांगशीला?" बाई म्हणाली आणि तिला माझं डोकं दिसलं. "कोण आलंय वो?"

"साहेब आल्यात. कलकत्त्यास्नं."

"आगं बया! च्या दिला का न्हाई त्यांस्नी? आन् तिथला मातीच्या कपातला देऊ नगासा, घोटभर असतोय त्यो."

"वहिनी, चहा झाला माझा," मी खोटंच बोललो.

"मग जेवून जावा," ती म्हणाली, जणू मी तासगावातच बसलो होतो. आणि कणीक मळायला लागली.

मी तिथे बराच वेळ बसलो. माने चलनं लावत राहिला. सासू-सुनेचं दोडक्यावरून चाललेलं ऐकत राहिलो. दारात कोणी भाजीवाला आला, त्याच्याशी वहिनींनी कोथिंबिरीवरून हुज्जत घातली. बरी घातली. मी अजून थोडी ताणली असती. पण आपल्या भाषेतली घासाघीस मी किती दिवसांनी ऐकत होतो, ते मला सांगता येणार नाही. आणि मानेच्या मागे बसून ऐकत होतो, याची मला लाजही वाटली.

निघताना माने म्हणाला, "साहेब, बंद करायचा असंल तर सांगा. कंपनीचा हाय, कळतंय मला."

"काम कर," मी ओरडलो आणि निघालो.

लहान प्लॅन घेतला असता तर मानेचं स्वयंपाकघर दुपारीच बंद पडलं असतं. त्याचा नंबर वेगळा ठेवायचा, तर बागचींची सही हवी, आणि सही करण्याआधी ते कारण विचारणार. कारण ऐकल्यावर काय म्हणतील, ते मला पाठ होतं.

मी मौमिताला बोलावून घेतलं. "मला पूल हवा."

पूल म्हणजे सगळ्यांची मिळून एक विहीर. महिन्याचा डेटा एकत्र भरायचा, ज्याला लागेल तसा त्याने उपसायचा. रात्री बाराला काही फुकट जात नाही. कुणी जास्त ओढलं तरी चालतं, बाकीचे कमी ओढतात.

"पूल मोठ्या कंपन्यांना देतो, दादा. तुम्ही एवढेसे."

"एवढेसे आहोत म्हणूनच तुमचा प्रतिस्पर्धी कालपासून माझ्या दारात उभा आहे."

"कोण उभा आहे?"

"खाली जाऊन बघा."

खाली फक्त झालमुरीवाला, म्हणजे इथला भेळवाला, उभा होता. पण ती उठली नाही. पुढे आमचं बंगालीत असं भांडण झालं की शेजारच्या अकाउंट्सवाल्यांनी दार लावून घेतलं. मी कप आपटला, त्याचा कान तुटला. शेवटी पूल मिळाला. त्यासाठी दोन वर्षं मोबाइल कंपनी बदलायची नाही, अशी अट मान्य केली. दर लहान प्लॅनपेक्षा थोडा वर राहिला.

बागची साहेबांनी कागद बघितला. "चांगलं आहे. पण एक तृतीयांश नाही, पावच कमी झाला."

"साहेब, पूल जास्त टिकाऊ..."

"आपलं ठरलं काय होतं?"

बदली राहिली. मी कागद उचलून बाहेर आलो. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी तोच पूल पुण्याच्या लोकांना स्वतःची कल्पना म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

काही महिन्यांनी एक बदली खरंच झाली. मानेची, सांगली डेपोला. त्याने अर्ज केला होता, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी बागचींच्या केबिनमध्ये घुसलो.

"त्याला सोडलंत, मला का नाही?"

"जाधव, गोदाम कोणीही सांभाळेल," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "तुमच्यासारखं भांडणारा मी कुठून आणू?"

परचेसमध्ये पहिला नियम शिकवतात : एकाच सप्लायरवर अवलंबून राहू नका. तो नियम सप्लायरच्या बाजूने मला कोणी समजावला नव्हता. ज्याच्या जागी दुसरा मिळतो, तो घरी जातो. एकमेव असतो, तो अडकतो.

माने गेला आणि मौमिताचा फोन आला. "दादा, तुमचा पूल आता अर्धासुद्धा लागत नाही. अट तशीच ठेवून छोटा करून देऊ?" विकणाऱ्याने आपणहून कमी घ्यायला सांगण्याची माझ्या नोकरीतली ही पहिलीच वेळ. मी घासाघीस न करता हो म्हटलं.

लोक मला विचारतात, आपण गरजेपेक्षा मोठा प्लॅन घेतो का? बहुतेक जण घेतात. फोनच्या सेटिंगमध्ये जा, महिन्याचा वापर बघा, आणि तेवढाच प्लॅन मागा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. मात्र आकडा फारच लहान आला, माझा येतो तसा, तर प्लॅन बदलून पैसे वाचतील, एवढंच. घरचा आवाज त्यात येत नाही.