राखणदाराचं शेवटचं पान

पोटासाठी मी अंधेरीच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते आणि उरलेल्या वेळात भुतं काढते. हे दुसरं काम धाकट्या भावाने माझ्या गळ्यात मारलं. तो गोष्ट लिहितो, मी चित्रं काढते. आमची कॉमिकची मालिका आम्हीच छापून घेतो, आम्हीच पिना मारतो, आम्हीच विकतो. सुरुवात केली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत. कुणी छापायला तयार नव्हतं म्हणून आम्ही स्वतः छापली, एवढी साधी गोष्ट. भाऊ मात्र विचारणाऱ्यांना कलेच्या स्वातंत्र्यावर भाषण देतो.

मालिकेचा नायक राखणदार. आम्ही मूळचे कोकणातले. तिकडे गावाच्या हद्दीवर एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण काळोख पडला की हातात दांडा घेऊन शीव फिरतो आणि आतल्या माणसांना सांभाळतो, अशी समजूत. भावाने त्याला उचलून थेट उपनगरात आणला. आमचा राखणदार बोरीवलीच्या डोंगरापासून खाडीपर्यंत फिरतो, टॉवरच्या पायातून निघालेली भुतं परत जमिनीत दाबतो, दमला की मेट्रोच्या खांबाला टेकून बसतो. वाचकांना तो फार आवडतो. मला त्याची पहिल्यापासून भीती वाटते.

याला कारण आमची आई. पहिला अंक तिच्या हातात दिला तेव्हा तिने तो उघडलासुद्धा नाही.

"तेका कागदार नाचवू नको गो," ती म्हणाली. "तो आसा." म्हणजे तो खरोखरच आहे.

आईच्या मते राखणदार फुकट सांभाळत नाही. वर्षातून एकदा त्याला राखण द्यावी लागते, म्हणजे नारळ आणि कोंबडा. जिवाच्या बदल्यात जीव. राखण चुकली तर तो आपल्या हाताने उचलून नेतो, आणि तेव्हा कोंबड्यावर भागत नाही. भाऊ यावर खो खो हसला. मीही हसले, पण बेताने.

पुढे एका अंकात मावशीच्या चेहऱ्यावरून काढलेली तलावाकाठची म्हातारी मेली, आणि तो छापून आला त्याच आठवड्यात आमची मावशी गेली. एका अंकात मी वडाचं झाड पाडलं, तर आमच्या सोसायटीतला गुलमोहर सेक्रेटरीच्या गाडीवर आडवा झाला.

"पावसाळ्यात झाडं पडतात, ताई," भाऊ म्हणाला. "आणि मावशीचं वय बघ ना."

त्याचं बरोबर होतं. पण भीतीला बरोबर-चूक कळत नाही. आपल्या माणसांसारखा दिसणारा चेहरा पुन्हा कधी काढायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. फक्त राखणदाराच्या बाबतीत उशीर झाला होता. अगदी सुरुवातीला मॉडेल म्हणून मी भावालाच गच्चीवर उभं केलं होतं, हातात झाडूचा दांडा देऊन. तेच नाक, तीच जिवणी, तीच किंचित वाकडी मान. राखणदाराला भावाचा चेहरा होता आणि तो सगळ्या वाचकांच्या ओळखीचा होता.

गेल्या वर्षी भावाला जिने चढताना दम लागायला लागला. तो आणि आई वाकोल्याला राहतात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब झाली होती, ती बदलायला हवी होती. ऑपरेशन चालू असताना हृदय थांबवून ठेवतात आणि रक्त मशीन फिरवतं, हे त्याने मला असं सांगितलं जणू पुढच्या अंकाचा प्लॉट सुचलाय.

त्याच भेटीत त्याने नवीन स्क्रिप्ट पुढे ठेवली. मालिकेचा शेवटचा अंक. त्याच्या शेवटच्या पानावर राखणदार मरतो.

"ऑपरेशनच्या आधी संपवू," तो म्हणाला. "मला अर्धवट टाकून जायचं नाही."

मी बाकीची सगळी पानं काढली. शेवटच्या पानाला हात लागेना. पेन टेकवलं की भावाचा चेहरा दिसायचा, डोळे मिटलेला. रोज त्याचा फोन यायचा आणि रोज मी थापा मारायचे. निब बिघडलीय, ऑफिसात काम फार आहे, शाई पसरली. ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो धापा टाकत बोरीवलीला माझ्या घरी आला आणि त्याने माझी फाइल उघडली. शेवटच्या पानावर नुसत्या चौकटी होत्या.

"जमत नाहीये, की काढायचं नाहीये?"

"तुझा चेहरा आहे रे तो."

"म्हणूनच सांगतोय. मला काही झालं, तर तू त्याला कधीच मरू देणार नाहीस. तो असाच फिरत राहील आणि गोष्ट लटकेल. मला त्या लटकण्याची भीती वाटते, ताई. मरणापेक्षा जास्त."

शेवटचं वाक्य खोटं होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. तरी मी हो म्हटलं.

ॲडमिट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ऑपरेशनसाठी आत नेलं. बाहेरच्या बाकावर आई आणि मी. मांडीवर पॅड, पॅडवर ते पान. आत आता त्याचं हृदय थांबवलं असेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. आणि मग आईचं ते जुनं बोलणं आठवलं. इतकी वर्षं आम्ही राखणदाराला शहरभर फिरवला, त्याच्याकडून भुतं मारून घेतली, आणि एकदाही त्याची राखण दिली नव्हती.

मग मी काढायला लागले. त्याला मी खाडीच्या चिखलात आडवा केला, दांडा बाजूला पडलेला. नाक काढलं, जिवणी काढली, मान वाकडी काढली, आणि डोळे मिटलेले काढले. तोंडाने पुटपुटत होते, "चेहरा तोच आहे. हा घे आणि आतला ठेव." कुणाला सांगत होते ते मलाही ठाऊक नव्हतं, कारण जो राखण घेतो, त्याचाच मी बळी देत होते.

आई पानाकडे बघत होती. आमचं एकही चित्र तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने माझं पुटपुटणं ऐकलं आणि हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

गावी देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा जमलेली माणसं असं म्हणतात. म्हणजे मागणं सगळ्यांच्या वतीने पोचलं.

डॉक्टर बाहेर आले आणि सगळं ठीक झाल्याचं म्हणाले. आई रडली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण त्याआधी वाटलं की देणं घेतलं गेलं.

अंक निघाला. वाचकांनी रडके मेसेज पाठवले, काहींनी शिव्याही घातल्या. भाऊ बरा झाला, वजन वाढलं, टोमणे परत सुरू झाले. परवा मी वाकोल्याला गेले, तर त्याने हसत हसत कागद पुढे केले. नवीन स्क्रिप्ट. राखणदार चिखलातून उठतो.

"लोक मागे लागलेत यार," तो म्हणाला. "मेलेला माणूस उठवणं कॉमिकमध्ये काय कठीण आहे?"

मी नाही म्हटलं. तो कारण विचारत राहिला, तेव्हा बाकावर मी काय बोलले होते ते सगळं सांगून टाकलं. कुणाच्या बदल्यात कोण दिला, तेही.

तो हसायला लागला. मग त्याने आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला, पण मान वर केली नाही. भावाचं हसू मध्येच थांबलं आणि त्याचा हात शर्टावरून छातीवरच्या ऑपरेशनच्या व्रणावर गेला. थोड्या वेळाने त्याने कागद गोळा केले, दुमडले आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिले.

"बघू गं," तो म्हणाला. "घाई काय आहे?"

इतकी वर्षं आमच्यात घाबरायचं काम माझ्याकडे होतं आणि हसायचं त्याच्याकडे. त्या दुपारी घरात हसणारं कुणी उरलं नाही.