शिरोड्यापर्यंतचं आवतण

ठमाबाईंना बस लागत नाही. मळमळत नाही, चक्कर येत नाही. तरी त्या एस.टी.त बसत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "ती थांबते कुठं? स्टँडावर. स्टँडावर देव रातो का?"

त्या सुकापूरच्या. साठीच्या आसपासच्या असतील. त्या धवलारीण आहेत. आगरी लोकांत लग्न लावायला धवलारीण बसते. हळदीपासून ती धवले गाते आणि त्या गाण्यांतून एकेका गावच्या देवीला लग्नाचं आवतण देते. पनवेल ते उरण, खाडीच्या दोन्ही अंगांना, कितीतरी संसार ठमाबाईंच्या गळ्यावर सुरू झाले आहेत.

त्यांचा स्वतःचा एक नेम आहे. दुसऱ्या धवलारणी तो पाळतात की नाही, मला माहीत नाही. जिच्या दारात आपण गेलो नाही, जिच्यापुढे चिमूटभर तांदूळ ठेवले नाहीत, तिचं नाव गाण्यात घ्यायचं नाही.

"तुझ्या घरी न येता तुला लग्नाला बोलवलं तर येशील?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"येईन की."

"तू जेवाला येशील," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा काशीराम माझा मित्र. तो मिठाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने मुंबईहून एक जुनी लँब्रेटा स्कूटर आणली आणि ती चालवायला मला शिकवलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि नोकरी शोधत होतो. ठमाबाई मला तेव्हापासूनच मास्तर म्हणायला लागल्या.

काशीरामची मोठी बहीण हौसा शिरोड्याला असते. तिचा नवरा तिथल्या मिठागरांवर काम करतो. गेल्या वैशाखात हौसाच्या मुलीचं, मालूचं, लग्न निघालं. मुलगा तिथलाच. जात वेगळी, बोली वेगळी. दोघांनी आपसांत ठरवलं होतं आणि वर्षभराच्या रुसव्याफुगव्यानंतर मोठ्यांनी मान्य केलं होतं. मुलाकडे शब्द चाले तो त्याच्या आजीचा, सोनाबाईंचा. त्यांनी सांगून टाकलं होतं: लग्न आमचे भटजी लावतील. मुलीच्या आजीला गायचं असेल तर हळदीला गाऊ दे, पण हळद दुपारची लागेल. कुणासाठी थांबणार नाही.

ठमाबाईंना भटजींचं काही वाटलं नाही. त्यांना वेगळीच काळजी होती.

"पोर परक्या मुलखात चालली. तिथली येक देवी तिला ओलखत नाय," त्या म्हणाल्या. "हितून तिच्या दारापरत समद्यांना बोलवत जाते. म्हंजे वाटभर तिचं कोन ना कोन हाय."

शिरोडा म्हणजे जवळजवळ गोव्याची हद्द. काशीराम आईला लँब्रेटावरून नेणार होता. निघायच्या आठवड्यातच ट्रक सुरू करायचं पुढचं हँडल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये घालून तो ओट्यावर बसला होता. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ठमाबाईंनी पाहिलं.

"मी पेणच्या पुढे कधी गेलेलो नाही," मी म्हणालो.

"मी तरी कुटं गेलेय?" ठमाबाई म्हणाल्या.

काशीराम सामान घेऊन एस.टी.ने जाणार असं ठरलं. आम्ही दोघं पहाटे निघालो. ठमाबाईंनी गुडघ्यापर्यंत लुगडं कसलं होतं. त्या मागच्या सीटवर दोन्हीकडे पाय टाकून बसल्या, घोड्यावर बसावं तशा. कमरेला तांदळाची पिशवी. मी जपून गिअर टाकला.

"हाकल," त्या म्हणाल्या.

शिरढोणला पहिला थांबा. मग गाव आलं की थांबा. त्या उतरत, भेटेल त्याला देवीचं नाव विचारत, देऊळ कुठे ते विचारत आणि चालू लागत. कधी देऊळ रस्त्याला लागून असे, कधी शेतांपलीकडे आमराईत. मी स्कूटर सावलीला लावून बसे. परत आल्या की देवीचं नाव पुटपुटत, आधीच्या नावांना जोडत, पुन्हा मागे बसत. लिहून ठेवू का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या. लिहिलं की कागदावर राहतं.

त्या एवढ्या देवींशी काय बोलतात म्हणून वडखळच्या पुढे एकदा मी मागोमाग गेलो. त्यांनी शेंदूर लावलेल्या दगडापुढे तांदूळ ठेवले आणि घरच्या बाईशी बोलावं तशा म्हणाल्या, "बाये, माझ्या नातीचं लगीन हाय. लांब हाय, पन ये. येताना बाकीच्यांना सोबत घे."

मी परत येऊन स्कूटरजवळ उभा राहिलो.

पहिल्या रात्री आम्ही महाडच्या अलीकडे होतो. काशीरामच्या हिशेबाने पोलादपूर ओलांडायला हवं होतं. कशेडीचा घाट लँब्रेटा पहिल्या गिअरमध्ये रडत चढली. दोन ठिकाणी ठमाबाई उतरून मागून ढकलू लागल्या. एक ट्रकवाला खिडकीतून म्हणाला, "आजीबाई, फटफटी विका आणि बैल घ्या."

"तुझा हाय का?" ठमाबाई म्हणाल्या. "पुढं बांधते."

चिपळूण मागे पडलं. डांबर मधूनमधून संपू लागलं आणि लाल धूळ आली. देवींची नावं बदलली. वाघजाई, सुकाई मागे राहिल्या, नवलाई, पावणाई भेटू लागल्या. प्रत्येक नव्या नावाला ठमाबाई खूश होत. पाहुणे वाढल्यावर एखादी गृहिणी होते तशा.

लांजाच्या पुढे टायर पंक्चर झालं. स्टेपनी लावली. राजापूरच्या अलीकडे तीही बसली. एका ट्रकवाल्याने चाक राजापूरला नेलं आणि दुसऱ्याच्या हाती परत पाठवलं. त्यात अख्खा दिवस गेला. आता हाताशी एक रात्र आणि सकाळ उरली होती.

"काकी," मी म्हणालो, "आता कुठेच थांबायचं नाही. नाहीतर हळद चुकेल."

त्यांनी कमरेची तांदळाची पिशवी चाचपली.

"जिचं दार बघितलं नाय तिला बोलवू कशी?"

"कुणाला कळणार आहे?"

"तिला."

मी किक मारली. त्या बसल्या. खारेपाटणच्या पुढचं पहिलं गाव आलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"थांबू नको. हलू चालव."

मी वेग कमी केला. विहिरीवर बायका होत्या. ठमाबाईंनी मागच्या सीटवरून हाक दिली, "गावची देवी कोन गं?"

"कित्याक? कोण तुमी?"

"लग्नाला बोलवाला आलोय."

बायका हसल्या. एकीने नाव सांगितलं. ठमाबाईंनी चालत्या स्कूटरवरून देवळाच्या दिशेला तांदूळ टाकले, हात जोडले आणि ते नाव आधीच्या नावांना जोडलं. "दार नाय तर दिशा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आवाजात समाधान नव्हतं.

मग कणकवली, कुडाळ, सगळीकडे हेच. लोक ओट्यावरून, गाडीवरून, झाडावरून देवींची नावं सांगत होते. एका माणसाने विचारलं, "नि देवाक नाय बोलवूचा? देवीकच?"

"देव तिच्या मागनं येतो," ठमाबाई म्हणाल्या.

तरीही आम्ही उशिरा पोचलो. शिरोड्याला मांडवासमोर स्कूटर उभी केली तेव्हा उन्हं कलली होती. बायका हळदीची भांडी घासत होत्या. मालू पिवळी होऊन पाटावर बसली होती. काशीराम गळ्यात हात बांधून दारात उभा होता.

"मी परवाच आलो," तो म्हणाला. "एस.टी.नं."

हौसा बाहेर आली. तिने आईच्या धुळीने लाल झालेल्या केसांकडे पाहिलं. ती रडली नाही, तिला राग आला होता.

"झाली हलद. देव गोला करत बसलीस, आता घेऊन बस त्यांना."

ठमाबाईंनी पाय धुतले, मालूपाशी गेल्या, तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या. नात त्यांच्या गळ्यात पडली. थोड्या वेळाने त्या गायला लागल्या. मांडवासाठी नाही, एकट्या मालूसाठी, अगदी हळू. धुळीने गळा बसला होता. हळदीचं गाणं त्यांनी घेतलं नाही, ती वेळ गेली होती. नुसतं आवतण. शिरढोणची ये, पेणची ये, वडखळची ये.

रस्ता मला पुन्हा दिसू लागला. एकही नाव चुकलं नव्हतं.

मिठागरावर कुठकुठून कामाला आलेल्या बाया तिथे होत्या. लांजाचं नाव आलं तेव्हा भांडी घासणारी एक थांबली. "आमची," ती शेजारणीला म्हणाली. राजापूरच्या अलीकडची एक जवळ येऊन बसली. मग आणखी दोघी. ओट्यावर हळदीला आलेल्या सोनाबाई, नवऱ्या मुलाची आजी, अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कुडाळ झालं. शिरोडा आला. ठमाबाई थांबल्या.

"झाला?" सोनाबाई म्हणाल्या.

"झालं."

"नि आंबेसरची सातेरी खंय गेली?"

ठमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आंबेसर आम्हाला लागलंच नव्हतं.

"माजा म्हायेर ता," सोनाबाई म्हणाल्या. "सगळ्या मुलखाक बोलयलंस नि तिकाच नाय?"

"माझ्या वाटंत नाय आली ती."

"वाटेर नायच. आत आसा, डोंगराच्या कुशीत."

"मग मी तिचं दार बघितलं नाय. नाव कसं घेऊ?"

सोनाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "परत जाताना दार बघ. नाव फाल्या घे."

"उद्या तुमचे भटजी हायत."

"आसतले. भटजींचा झाला की तू गा. तू गायलंस नाय तर ती येतली कशी?"

हौसाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी भटजींनी लग्न लावलं. मग ठमाबाई मांडवात बसल्या आणि मोठ्याने गायल्या. बसका आवाज गाता गाता मोकळा होत गेला. भटजींनी एकदा घड्याळ काढलं, सोनाबाईंकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. शेवटी आंबेसरच्या सातेरीचं नाव आलं. सोनाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

परतीला आम्ही डोंगराकडे वळलो. रस्ता कसला, बैलगाडीची चाकोरी. शेवटचा चढ आम्ही स्कूटर ढकलत गेलो. देऊळ लहान, कौलारू. ठमाबाईंनी तांदूळ ठेवले.

"बाये, बोलावणं उशिरा आलं," त्या म्हणाल्या. "लगीन झालं. पोरीकडे बघ."

झाडलोट करणाऱ्या बाईने विचारलं, "कोणाचा लगीन?"

"माझ्या नातीचं. शिरोड्याला, सोनाबाईंच्या नातवाशी. ती हितलीच ना?"

बाईच्या हातातली केरसुणी थांबली. "आमची सोनी? जिती आसा?"

तिने खाली वाडीकडे तोंड करून हाका मारल्या. माणसं चढून आली. एक वाकलेला म्हातारा सर्वांच्या मागून आला. तो सोनाबाईंचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून त्यांची भेट नव्हती. त्याने सगळं दोनदा विचारलं. मग घरी जाऊन आमसुलांचं गाठोडं, एक फणस आणि घडीचं लुगडं घेऊन आला. ते त्याने ठमाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"भैणीक म्हायेरची भेट," तो म्हणाला. "इतक्या वर्षांची रवली."

पनवेल एका दिशेला होतं, शिरोडा दुसऱ्या. ठमाबाई फणस पोटाशी धरून मागे बसल्या होत्या. मी लँब्रेटाचं तोंड पुन्हा शिरोड्याकडे वळवलं.