ठरावकाकू आणि तिसऱ्या मजल्याचं कुलूप

ठरावकाकू कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी विचारायच्या, "अध्यक्ष कोण आहे?" कोणीच नसेल तर दोन मिनिटांत कोणाला तरी अध्यक्ष करायच्या आणि मगच खुर्चीला टेकायच्या. एका संकष्टीला त्या आमच्याकडे आल्या आणि सोफ्यावर डुलकी काढत असलेले माझे आजोबा जागे झाले ते अध्यक्ष होऊनच. साबुदाण्याच्या खिचडीचा पहिला घास खाऊन काकू म्हणाल्या, "मीठ किंचित कमी आहे, असं माझं मत. कोणाचा विरोध?" बाबांना ते पटलं होतं, पण आईकडे बघून ते तटस्थ राहिले.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. काकांची बँकेत बदलीची नोकरी, म्हणून दर तीन-चार वर्षांनी नवं गाव आणि मुलीसाठी नवी शाळा. आमचं उलट. आम्ही तीन पिढ्या कलकत्त्यातच, भवानीपूरला. त्यांची मुक्ता आणि मी एकाच वर्गात, मुलींच्या एका जुन्या शाळेत. आपल्या आईला मुली 'ठरावकाकू' म्हणतात हे मुक्ताला माहीत होतं. तिचा त्या नावाला विरोध नव्हता. तिचा आईलाच विरोध होता.

आमच्या शाळेला एक कौन्सिल होतं. मुख्याध्यापिका, चार शिक्षिका, पालकांनी निवडलेले तीन पालक आणि विद्यार्थिनींची एक प्रतिनिधी. ती प्रतिनिधी म्हणजे मी. तिथे मुख्याध्यापिकेला 'बोडदी' म्हणतात, म्हणजे थोरली ताई. बोडदींनी माझ्या फ्रॉकला बिल्ला लावला तेव्हा सांगितलं होतं की शाळा चालवण्यात आता तुझाही वाटा आहे. माझा वाटा असा होता: पाहुण्यांना फुलं देणं, संदेश मिठाईची बशी फिरवणं आणि बोडदींनी माझ्याकडे पाहिलं की मान हलवणं. पालकांचा वाटा बशी रिकामी करण्याचा. स्नेहसंमेलनाचा पडदा मरून असावा की निळा, यावर दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत असं निघालं की पडदा आधीच आणलेला आहे आणि तो हिरवा आहे. सगळ्यांनी हिरव्याचं कौतुक केलं.

अशा कौन्सिलवर काकू निवडून आल्या, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी मागच्या बैठकीचा वृत्तान्त वाचून दाखवायला सांगितला. असा काही वृत्तान्त असतो हे तेव्हाच बऱ्याच जणांना कळलं. "लिहून घ्या" हे दोन शब्द त्या इतक्यांदा म्हणायच्या की वृत्तान्त लिहिणाऱ्या भूगोलाच्या बाईंनी दुसऱ्या बैठकीला दोन पेनं आणली.

खरा प्रश्न मात्र तिसऱ्या मजल्यावर होता. तिथे मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधलं होतं. पांढऱ्या फरशा, दहा दारं, हात धुवायला लांबलचक ओटा. शाळेच्या माहितीपुस्तिकेत त्याचा रंगीत फोटो होता. उद्घाटन झालं, नारळ फुटला आणि त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. किल्ली बोडदींच्या कपाटात. मुली घाण करतील, तपासणीला माणसं येतील तेव्हा उघडू, असं कारण. सगळ्या शाळेला तळमजल्यावरची जुनी चार दारं, त्यातल्या दोन दारांना कड्या नाहीत. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. म्हणून आम्ही साधा उपाय केला होता. सकाळी घरून निघाल्यापासून पाणीच प्यायचो नाही. बाटली भरून न्यायची, भरलेलीच परत आणायची.

काकूंना हे मुक्ताच्या बाटलीवरून कळलं. मुक्ता दोनदा आजारी पडली, डॉक्टरांनी पाणी किती पितेस विचारलं आणि घरी उलटतपासणी झाली.

पुढच्या बैठकीत काकू उभ्या राहिल्या. त्यांचं बांगला तोडकंमोडकं होतं, पण त्या हट्टाने बांगलाच बोलायच्या. म्हणाल्या, "तुमच्या भाषेत पाणी पीत नाहीत, पाणी खातात. मग तुमच्याच भाषेत सांगते. या शाळेतल्या मुली सकाळपासून उपाशी आहेत."

एक पालक हसले. बोडदी हसल्या नाहीत. "तिसऱ्या मजल्यावर इतकं सुंदर केलंय," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत त्याचं काय होईल, मला माहीत आहे. तीस वर्षं मुली सांभाळतेय मी." आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्या फरशांसाठी वर्षभर कार्यालयांच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या होत्या.

"मग मुलींनाच विचारू," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सांग गं. काही त्रास होतो का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोडदींनी चष्मा काढला. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता आणि डोकं ठणकत होतं. मी म्हणाले, "नाही. सगळं छान आहे."

भूगोलाच्या बाईंनी हे एक वाक्य मात्र कोणी न सांगता लिहून घेतलं.

परतताना काकू आणि मी एकाच बसमध्ये. त्या रागावतील म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते. माझा स्टॉप जवळ आला तेव्हा त्यांनी पर्समधून बाटली काढून माझ्या हातात दिली. "पी आता. घर आलंच तुझं." मी सगळी बाटली संपवली. त्या रिकामी बाटली घेऊन पुढे गेल्या. मला वाटलं, याच्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

त्यानंतरच्या बैठकीत काकू इतक्या गोड वागल्या की आईने ऐकलं असतं तर तिला काळजी वाटली असती. आजवरची सगळी टीका मागे घेते म्हणाल्या. शाळेची ही शोभा कौन्सिलच्या सदस्यांनी अजून नीट पाहिलेलीही नाही, तरी सर्वांनी मिळून एकदा तिसऱ्या मजल्याला भेट द्यावी, असा त्यांनी ठराव मांडला. बोडदींचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः किल्ली काढली.

सगळं कौन्सिल जिने चढून गेलं. कुलूप निघालं, दिवे लागले, पालक फरशांवरून हात फिरवू लागले. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. काकूंनी घड्याळ बघूनच ठराव मांडला होता, हे मला तेव्हा कळलं. जिन्यावरून मुली आल्या, दार उघडं दिसलं म्हणून थबकल्या, आणि बघता बघता रांग जिन्याच्या खालपर्यंत गेली. रांग नुसती उभी होती.

"बोडदी," काकू हळूच म्हणाल्या, "रांग लागलीच आहे. जाऊ देत का?"

सगळ्या कौन्सिलसमोर, तीनेकशे मुलींसमोर नाही कसं म्हणणार? बोडदी बाजूला झाल्या. गडबडीत कठड्यावर राहिलेलं कुलूप काकूंनी पर्समध्ये टाकलं, किल्लीसकट, आणि भूगोलाच्या बाईंना म्हणाल्या, "आज कौन्सिलच्या उपस्थितीत स्वच्छतागृह सुरू झालं. लिहून घ्या."

पुन्हा कुलूप लागलं नाही. आठ दिवसांत फरशांचं काही झालं नाही. महिन्याभरात एक नळ गळायला लागला, तेव्हा बोडदींनी तो प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला नेऊन दाखवला.

वर्षाअखेरीस कौन्सिलने एक ठराव केला. तेवढा एकच काकूंचा नव्हता. पालकांचा सहभाग अधिक अर्थपूर्ण व्हावा म्हणून यापुढे पालक प्रतिनिधी पालकांनी निवडायचे नाहीत, शाळेने नेमायचे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सत्तर जणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. त्यात माझे बाबाही होते. त्याच सुमारास काकांच्या बदलीची ऑर्डर आली, त्यामुळे काकूंना काढलं असं कोणाला म्हणावं लागलं नाही. निरोपाचा छानसा समारंभ ठरला.

स्टेजवर पुष्पगुच्छ द्यायला आणि आभार मानायला अर्थात मी. आभार टाइप करून मिळाले होते. 'शाळेच्या प्रत्येक निर्णयात आपण दिलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल.' काकूंना बोलायला वेळ ठेवला नव्हता. समोर पहिल्या रांगेत मुक्ता बसली होती, आणि वर्षभरात पहिल्यांदाच ती आईकडे बघत होती, जमिनीकडे नाही.

मी माइकसमोर उभी राहिले. कागद बघितला आणि तो वाचवेना. गुच्छ काकूंच्या हातात दिला आणि मराठीत म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी खोटं बोलली."

काकूंनी गुच्छ छातीशी धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. मान जरा पुढे करून त्या हळूच म्हणाल्या, "बोलली नाही गं. मी बोलले, असं म्हणायचं."

"बोलले," मी म्हणाले.

बोडदी खुर्चीतून वाकल्या. "काय म्हणालीस?" त्यांनी बांगलात विचारलं.

माइक चालू होता. सगळी शाळा समोर बसली होती. मी बोडदींकडे वळले आणि या वेळी त्यांच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा सांगितलं.