सासूबाईंची निळी गाडी

आमच्या सासूबाई शहरातल्या बसच्या ड्रायव्हर. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी जड गाडी बंद केली आणि डेपोने त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. स्वयंपाकीणबाईला जेवणाच्या वेळा सांगायला बसवावं, तसलाच प्रकार. निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या गाडीत उभ्या माणसाला दांडा धरावा लागत नसे." आणि खाली बसल्या. एरवी त्या इतक्या थोडक्यात आटोपत नाहीत. हे मी जावई या नात्याने, पूर्ण अनुभवाने सांगतो.

माझा मेहुणा, म्हणजे त्यांचा धाकटा, व्हिडिओ गेमचं दुकान चालवतो. तिथे खऱ्यासारखं स्टिअरिंग आणि पेडल लावलेल्या खुर्च्या आहेत. समोरच्या पडद्यावर त्या शर्यतीच्या गाड्या पळतात: लांब नाक, एकट्यापुरती बसायची जागा, चारी चाकं उघडी. शहरातल्या सगळ्या दुकानांनी मिळून जोडीची स्पर्धा ठेवली होती, आणि मेहुण्याच्या जोडीदाराने नेमकं त्याच आठवड्यात मनगट मोडून घेतलं. मग घरातला मोकळा माणूस म्हणून मला खुर्चीत बसवण्यात आलं. पहिल्याच वळणावर मी गाडी भिंतीला टेकवली. एक चाक सुटलं आणि माझ्यापुढे निघून गेलं.

सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या पुढे वाकून पायांकडे बघायला लागल्या.

"यात क्लच कुठाय रे?"

"नसतो, आई. गिअर स्टिअरिंगच्या मागेच. बोटाने बदलायचे."

"डाव्या पायाला काम नाही?"

"उजव्यानेच चालतं."

"उठा, जावईबापू," त्या म्हणाल्या. मी उठलो. न उठण्याची पद्धत आमच्या घरात नाही.

स्पर्धेत जोडीने एकच गाडी निवडायची होती आणि दोघांनी निदान एकेकदा तरी ती चालवायची होती. लाल, निळी, पांढरी. तिन्हींची ताकद सारखी, सरळ रस्त्यावरचा वेग सारखा. फरक काय तो हाताला कळायचा. सासूबाईंनी एकेक चालवून बघितली आणि निकाल दिला.

"लाल गाडी म्हणजे आमचा धाकटा. नाक वळवायचा अवकाश, शेपूट आधीच बाहेर. सगळा उत्साह मागच्या चाकांत. पांढरी म्हणजे आमचे जावई. स्वभावाने गरीब, पण थंड असली की एक वागते, तापली की दुसरंच."

"आणि निळी?" मी घाईघाईने विषय पुढे ढकलला.

"निळी म्हणजे हे." कोपऱ्यातल्या स्टुलावर सासरेबुवा पेपर वाचत होते. "वळा म्हटलं की 'हो' म्हणतात आणि सरळ जातात. वळणात जितकं ओढावं तितकं पुढेच जातात. त्यांना वळणाच्या आधी हळू करायचं, शांतपणे सांगायचं, मग बरोबर वळतात. निळीच घ्यायची."

"आई, सगळे लाल घेतात! सगळ्यात चपळ तीच आहे."

"चपळ आहे, पण चालवणाऱ्याला सारखी घाबरवते. मी संसार निळीवर केलाय."

पेपरच्या मागून आवाज आला, "टायर कमी झिजतात माझे."

मेहुण्याला पटलं नव्हतं, पण जोडीदार दुसरा नव्हता. सरावात तर त्याने डोक्याला हात लावला. मागून कुणी आलं की सासूबाई बाजूला होऊन वाट द्यायच्या. "घाईत आहे बिचारा, जाऊ दे." टायर बदलायला थांबल्या की काम संपलं तरी हलायच्या नाहीत.

"आई, निघ ना!"

"घंटी कुठे दिली कंडक्टरने?"

शेवटी मला त्यांच्या खुर्चीमागे उभं केलं. काम एकच: टायर बदलून झाले की "टिंग टिंग" म्हणायचं. आणि मेहुण्याने अट घातली, "नियमाने भाग पडतं तेवढंच तू चालवायचं. सुरुवात माझी, शेवटही माझा."

"तर मग गाडी मी म्हणेन ती," सासूबाई म्हणाल्या. हसत होत्या, पण नजर पेडलवरच होती. खिडकीत बसवलेल्या माणसाला थोड्या वेळापुरतं बाहेर सोडलं होतं, एवढं त्यांना कळत होतं.

स्पर्धेच्या दिवशी मेहुण्याने निळीवर लालसारखी घाई केली. प्रत्येक वळणात ती सरळ जायची, तो आणखी स्टिअरिंग पिळायचा आणि पुढचे टायर नुसते खरडले जायचे. खुर्ची आईच्या हाती दिली तेव्हा आमचा नंबर मागून मोजणं सोयीचं होतं.

नवे टायर चढले. मी टिंग टिंग केलं. सासूबाई निघाल्या.

बघायला त्यात काही नव्हतं. झटका नाही, किंकाळी नाही. वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक, तोही हळूहळू, झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तसा. मग स्टिअरिंग एकदाच वळायचं. बाकीच्यांच्या लाल गाड्या सुरुवातीला पुढे पळाल्या. मग त्यांचे मागचे टायर झिजले आणि शेपट्या नाचायला लागल्या. एक गर्रकन फिरली, दुसरी गवतात गेली. निळी त्यांच्या बाजूने, पुरेसं अंतर ठेवून, थांबा नसलेल्या रस्त्यावरून जावं तशी गेली. एक लाल गाडी मागून घुसायला आली. सासूबाईंनी वाट दिली नाही.

"आता घाई मलाच आहे," त्या पुटपुटल्या.

ठरलेल्या वेळी त्या टायर बदलायला आत आल्या. आता शेवट मेहुण्याचा. तो बोटं मोडत खुर्चीजवळ येऊन उभा होता. सासूबाईंनी खुर्चीचा पट्टा सोडायला हात घातला. मेहुण्याने आधी पडद्याकडे बघितलं, आम्ही तिसरे होतो, मग आईच्या हातांकडे. ते शांतपणे पट्ट्याची कडी शोधत होते. त्याने बोटं मोडणं थांबवलं.

"आई, उठू नकोस."

"अरे, शेवट तुझा ठरलाय."

"असू दे. तूच पोचव."

त्यांनी पट्ट्यावरचा हात काढून पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. मी इतका भारावलो होतो की टिंग टिंग करायचं विसरलो. तेव्हा मेहुणाच ओरडला, "टिंग टिंग!" आणि निळी सुटली.

आम्ही दुसरे आलो. पहिली आली ती पलीकडच्या दुकानातली मुलगी. तिने लाल गाडी अशी चालवली की सासूबाईंनी उठून तिची पाठ थोपटली. संयोजक कागद घेऊन आले.

"शेवटचा टप्पा कोणी चालवला? नाव काय लिहू?"

मेहुण्याने छाती अशी फुगवली की शर्टाची काळजी वाटावी. "आमच्या ड्रायव्हरबाईंनी!"

"आणि गाडी कोणी निवडली," गुडघा चोळत सासूबाई म्हणाल्या, "तेही सांग त्यांना."